डावीकडचा भांग

पुतळा समितीची दोन माणसं दुकानात आली,
सोबत सांगलीचा शिल्पकार.
म्हणाली, टिपुगडे, तीस वर्षं तुम्ही मगदूम सरांचे केस कापले,
भांग कुठल्या बाजूला पाडायचे ते?
डावीकडं, म्हणालो.
त्यानं लिहून घेतलं.
कुणाच्या डावीकडं, ते विचारलं नाही.
सरांनी विचारलं असतं.

दर दुसऱ्या रविवारी यायचे,
गंगावेशीत म्हशीपुढं उभं राहून धारोष्ण दूध पिऊन,
मिशीला फेस तसाच.
खुर्चीत बसले की कॉलेजातलं सगळं तर्कशास्त्र
माझ्या पांढऱ्या कापडाखाली.
वर नुसतं डोकं, आणि एकच शब्द.
महागाई वाढली, सर. 'कशावरून?'
देव हाय की, सर. 'असेल. कशावरून?'
गिऱ्हाइकं वैतागायची.
मोतीबागचा एक पैलवान अर्ध्या दाढीवरच उठून गेला
आणि पुढच्या रविवारी परत आला,
उत्तर घेऊन.

एकदा म्हणाले, कात्री घे, खोबरेल घे, चल.
जवाहरनगरात पत्र्याची खोली.
बायव्वा बसलेली. कंबरेखाली गेलेली जट
वेटोळं करून मांडीवर घेतलेली, लेकरासारखी.
मान कायमची एका अंगाला.
तीन महिने सर तिथं नुसता चहा प्यायला जात होते.
ती म्हणाली, देवी कोपली तर?
सर म्हणाले, माझा पत्ता दे.
मगदूम, दुसरा मजला, पिठाच्या गिरणीवर.
ती हसली नाही. विचार करून म्हणाली,
'जिना चढंल का ती?'
सरांना उत्तर सुचलं नाही.
असं मी पहिल्यांदाच बघितलं.

माझा हात कापत होता, खोटं कशाला बोलू.
आईनं अंगारा लावून पाठवलेलं.
जटेतनं भंडारा सांडला, गंजकी पिन निघाली, एक लाल मणी.
सरांनी ती खालच्या किराणा दुकानात तोलून घेतली.
आठशे साठ ग्रॅम. वहीत लिहिलं.
बायव्वानं मान डावीकडं वळवून बघितली,
उजवीकडं वळवून बघितली,
मग पुन्हा डावीकडं,
जणू खोलीला तिकडंही भिंत आहे हे आत्ताच कळलं.

कागलची एक बाई मात्र आठव्या दिवशी तापानं गेली.
रात्री माझा आरसा फुटला.
सर सकाळी आले, अर्धे पैसे ठेवले, म्हणाले, टायफॉइड होता.
मी म्हणालो, कशावरून?
त्यांनी खिशातनं दवाखान्याचा कागद काढला.
मग खुर्चीत बसले आणि
बराच वेळ कापड लावून घ्यायला मान वर केली नाही.

महापुरात पंचगंगा गिरणीच्या जिन्यावर आली.
देवी नाही, पाणी चढलं वर.
वह्या माझ्या दुकानात दोरीवर वाळत घातल्या,
चिमटे लावून, टॉवेलांच्या शेजारी.
शाई पळालेली. आठशे साठ तेवढं वाचता येत होतं.
त्याच थंडीत सर गेले.
सीपीआरमध्ये शेवटची दाढी मीच केली.
मेल्यावर देहसुद्धा पोरांना शिकायला देऊन टाकला.

पुतळा झाला. भाषणं झाली.
चौथ्या दिवशी बघतो तर
पायाशी नारळ, कपाळाला हळदकुंकू,
आणि उदबत्ती खोचलेली, कुठं, तर हातातल्या पुस्तकात.
बायव्वा कपिलतीर्थात भाजी विकून आलेली,
पदरानं सरांचं कपाळ पुसत होती.
मला बघून म्हणाली, 'भांग चुकलाय.'
'कशावरून?'
'मी समोर बसायची त्यांच्या.
तू सारखा मागं.'

नारळ उचलून तिनं टोपलीत टाकला.
उद्या चटणीला झाला म्हणाली,
आणि दोन्हीकडं मान वळवून, गाड्या बघून,
रस्ता ओलांडून गेली.